घरी मांजर आणि हातात लोकर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्याकडून लोकर, क्रोशाचे दोरे आणि भरतकामाच्या लडी नेणाऱ्या कितीतरी ताई-काकूंच्या घरी मांजर आहे. बदलून मागायला आणलेल्या गुंड्यावर दातांच्या खुणा दिसल्या की आम्ही समजतो. इतके दिवस काउंटरवर तोंडी सांगत होतो, ते आता लिहून देतोय. हा कागद लोकरीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

आधी एक खरी गोष्ट. मी पावसाळ्यात एका दुपारी टेबलक्लॉथच्या कडेला साखळी टाका घालत बसले होते. गॅस सिलिंडरवाल्यानं बेल वाजवली. सुई कापडात खोचून उठले आणि पाच मिनिटांत परत आले, तर भरतकामाची रिंग जमिनीवर पडलेली, कापड शाबूत, पण गुलाबी दोरा सुईसकट गायब. आमची चिंगी पलंगाखाली मान ताणून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि ओठाच्या कडेला दोन बोटं दोरा लोंबत होता. सासूबाईंनी तो धरायला हात पुढे केलाच होता, तेवढ्यात फोनवर डॉक्टर म्हणाले, "हात लावू नका, तशीच टोपलीत घालून आणा." एक्स-रेत जिभेच्या मुळाशी आडवी बसलेली सुई दिसली. दोऱ्याचा एक वेढा जिभेखालून गेला होता. आम्ही ओढला असता तर सुई आणखी खोल रुतली असती. भूल देऊन सुई काढली आणि संध्याकाळी चिंगी घरी आली.

असं का होतं, ते कळलं की काळजी घेणं सोपं जातं. मांजरानं हात चाटला की खरखर लागते, कारण तिच्या जिभेवर आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे बारीक काटे असतात आणि त्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात. दोरा एकदा त्या काट्यांवर चढला की तिला तो थुंकता येत नाही, प्रत्येक घोटासरशी तो आतच सरकतो. दोऱ्याला सुई असेल तर तीही मागोमाग जाते.

आत गेल्यावर त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं आपलं पुढे ढकलायचं काम करत राहतं, पण दोरा हलत नाही. मग आतडंच दोऱ्यावर गोळा होतं. परकराची नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात ना, अगदी तसं. ताणलेला दोरा आतड्याची भिंत आतून कापू शकतो. म्हणून तोंडातून असो की शेपटीखालून, लोंबणारा दोरा कधीही ओढू नका. मिठाचं पाणी, तेल, तूप, काहीही पाजू नका. मांजर वारंवार ओकत असेल, खाणं सोडलं असेल, पंजानं तोंड खाजवत असेल किंवा कोपऱ्यात दडून बसली असेल आणि घरातला दोरा कमी झालेला असेल, तर उद्यावर ढकलू नका. जाताना त्याच दोऱ्याचा तुकडा बरोबर न्या. एक्स-रेत सुई दिसते, सुती दोरा सहसा दिसत नाही, त्यामुळे तुम्ही सांगितलेलंच डॉक्टरांच्या कामी येतं.

हे वाचून विणकाम किंवा मांजर, दोन्हींपैकी काही सोडू नका. मांडीवर घुरघुरणारं मांजर आणि हातात सुया, यासारखं सुख नाही. फक्त क्रम बदला. मांजरांना शिकारीची हुक्की तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त येते. लोकर काढण्याआधी दहा मिनिटं तिच्याशी खेळा आणि लगेच खायला द्या. शिकार झाली, पोट भरलं की ती अंग चाटेल आणि झोपेल. तेव्हा डबा उघडा. चिंगीच्या बाबतीत हा उपाय दहापैकी नऊ वेळा लागू पडतो.

खेळायला लोकरीचा सुटा गुंडा देऊ नका, चेंडू विणून द्या. उरलेली मध्यम जाडीची लोकर आणि 4 मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्या. गोल फासात 6 मुके खांब घाला. पुढच्या ओळींत 12, 18, 24 असं करत 30 पर्यंत वाढवा. मग 5 ओळी न वाढवता विणा आणि त्याच क्रमानं कमी करत या. बंद करण्याआधी आत कापडाच्या चिंध्या दाबून भरा. चेंडू लिंबापेक्षा मोठा व्हायला हवा, म्हणजे गिळला जाणार नाही. शेवटचं टोक बोटभर लांबीचं आत-बाहेर तीनदा ओवून मगच कापा. मणी, टिकल्या, आरसे, लोंबता गोंडा, यातलं काहीही लावू नका. निळा किंवा पिवळा रंग निवडा, कारण लाल रंग मांजरांना फिकट, मळकट दिसतो. चेंडू उसवायला लागला की टाकून द्या.

लोकरीच्या पेटीत डांबर गोळ्या ठेवायची आपल्याकडची जुनी सवय आहे. घरी मांजर असेल तर ती मोडा. डांबर गोळी मांजरासाठी विष आहे आणि कापूरही चालत नाही. लोकरीला ऊन दाखवा, झटका आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सुया मोजून काढा, मोजून ठेवा. राखीचा रेशमी दोरा, मिठाईच्या खोक्याची रिबीन, गजऱ्याचा दोरा, संक्रांतीचा मांजा यांनाही वरचं सगळं लागू आहे.

काही मांजरं, विशेषतः आईपासून लवकर तुटलेली पिल्लं, लोकर चोखत बसतात. नुसतं चोखणं असेल तर घाबरू नका. मात्र स्वेटरला भोकं पडत असतील तर ती लोकर पोटात जातेय, डॉक्टरांना दाखवा.

आणि मांजरानं केलेला गुंता कापू नका. टोक ओढू नका, मधून सैल करत गोळा मोठा होऊ द्या. तरी सुटला नाही तर पिशवीत घालून दुकानात घेऊन या. दुपारी गर्दी नसते, तेव्हा आम्ही सोडवून परत गुंडाळून देतो, त्याचे पैसे घेत नाही. दात लागून ओलसर झालेला भाग मात्र आधी कापून टाका आणि तो तुकडा झाकणाच्या कचरापेटीत टाका.