खिंडार भरणं वेगळं, जंगल परतणं वेगळं

उष्ण कटिबंधातल्या वर्षावनात एखादा महावृक्ष कोसळला, की ती जागा काही वर्षांत पुन्हा हिरवी होते. जंगल तोडून, जाळून, गुरं चारून सोडून दिलेली जमीनही काही वर्षांत हिरवी होते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात आणि दोन्हींना आपण ‘जंगल पुन्हा वाढलं’ म्हणतो. ही गल्लत मला फार महागाची वाटते.

आधी खिंडाराचं, म्हणजे झाड पडल्याने जंगलाच्या छतात पडलेल्या भोकाचं, पाहू. उंच झाडांच्या शेंड्यांच्या या दाट छताखाली जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोहोचतो. तिथे सावली सोसणारी रोपटी वर्षानुवर्षं, कधी कधी दशकानुदशकं, जवळपास न वाढता तग धरून असतात. वरचं झाड पडलं की त्यांची पाळी येते. खिंडार लहान असेल तर शेजाऱ्यांच्या फांद्याच ते बुजवून टाकतात. मोठं असेल तर मातीत पडून राहिलेली सेक्रोपियासारख्या झाडांची बारीक बीजं जागी होतात. पानांतून गाळून आलेला उजेड आणि थेट ऊन यांतला फरक त्या बीजांना कळतो! ही झाडं वर्षाला दोन मीटरहूनही जास्त वाढू शकतात, पण ती अल्पायुषी असतात. त्यांच्याखालून सावकाश चढणारी झाडं पुढे छत ताब्यात घेतात. (कधी महावेली खिंडारात असं जाळं विणतात, की झाडांना अनेक वर्षं वर येताच येत नाही.)

पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० हेक्टरांच्या पट्ट्यात एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोडाचं प्रत्येक झाड मोजलं जातं. दर पाच वर्षांनी तीच मोजणी पुन्हा होते. अशा जुन्या वर्षावनांत साधारणपणे दर वर्षी शंभरातली एक-दोन झाडं मरतात. म्हणजे आपण ज्याला अढळ छत समजतो, ते जागोजागी सतत तुटत आणि सांधलं जात असतं. या डागडुजीचं सगळं सामान जंगलाच्या आतच असतं.

मोकळ्या केलेल्या जमिनीवर नेमकं तेच सामान नसतं. रोपटी जळालेली, बीजसाठा संपलेला, बुंधे उपटलेले. बी बाहेरूनच यावं लागतं. बारीक बी वारा आणि वटवाघळं आणतात. मोठं बी आणायला टूकन (मोठ्या चोचीचा पक्षी), अगूटी (उंदराच्या कुळीतला मोठा प्राणी), टॅपिर (डुकरासारखा दिसणारा मोठा शाकाहारी प्राणी) लागतात आणि हे प्राणी उघड्या माळावर सहसा फिरकत नाहीत. म्हणून शेजारी जुनं जंगल उरलंय की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं. बोर्निओत तर आणखी अडचण आहे. तिथल्या जंगलातले मुख्य उंच वृक्ष म्हणजे डिप्टेरोकार्प; त्यांना काही वर्षांच्या अंतराने एकदम बहर येतो, आणि त्यांचं बी मातीत वाट पाहत राहत नाही. थोड्याच दिवसांत रुजतं, नाहीतर मरतं. रोपटी गेली तर पुढची पिढीच गेली. मग कित्येकदा तिथे लालांग गवत माजतं. ते सहज पेटतं आणि प्रत्येक वणव्यात उगवू पाहणारी झाडं पुन्हा जळतात.

तरीही परतणारं जंगल कमी लेखू नये. अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अशा जंगलांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन फार बिघडलेली नसेल तर मातीचा कस दहा वर्षांच्या आत बराचसा सावरतो. जंगलाची उंची-घडण यायला २५ ते ६० वर्षं लागतात. पण जुन्या जंगलात होत्या त्याच प्रजाती त्याच प्रमाणात दिसायला १२० वर्षांहून अधिक काळ जातो. छत आधी येतं, रहिवासी फार मागाहून.

जमिनीवर उभं राहिलं तर दोन्ही ओळखता येतात. जुन्या जंगलात जाडजूड खोडांच्या मध्येच बोटाएवढी रोपटी, कुजणारे ओंडके आणि उंचसखल छत असतं. परतणाऱ्या तरुण जंगलात खोडं बहुतेक एकाच जाडीची, एकाच वयाची आणि थोड्याच जातींची असतात, आणि पडायला अजून एकही महावृक्ष नसतो.