खांद्यावरचं क्षेपणास्त्र ३३ हजार फूट गाठत नाही

मलेशियाचं एमएच१७ विमान १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनमध्ये पाडलं गेलं. तेव्हापासून 'कुणीतरी शेतात उभं राहून खांद्यावरून क्षेपणास्त्र डागलं' ही कथा फिरते आहे. तसं घडूच शकत नाही. विमान ३३ हजार फुटांवर होतं. स्टिंगर, इग्ला यांसारख्या मॅनपॅड्सचा, म्हणजे एका माणसाने वाहून न्यायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा, दम १५ हजार फुटांच्या आतच संपतो. एमएच१७वर आदळलं ते बुक क्षेपणास्त्र. ते एकटंच सुमारे ७०० किलोचं, पट्ट्यांवर चालणाऱ्या अवजड वाहनावरून सुटणारं. स्टिंगर नळीसकट जेमतेम १५ किलो!

काही जण तर आरपीजीलाही, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रॉकेट-ग्रेनेडलाही, यात ओढतात. तो रणगाड्यांसाठीचा, विमानाचा माग काढणारं त्यात काहीच नसतं.

मॅनपॅड्सचा खरा धोका उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी. नोव्हेंबर २००३ मध्ये बगदादहून निघालेलं डीएचएलचं मालवाहू एअरबस सुमारे ८ हजार फुटांवर असताना डाव्या पंखावर मारा झाला. विमान वळवायला, वर-खाली न्यायला लागणारी हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारी) यंत्रणा पूर्ण गेली, पंख पेटला. वैमानिकांनी फक्त इंजिनांचा जोर कमीजास्त करत ते परत धावपट्टीवर उतरवलं. विमानातले तिघेही वाचले.