खारबांधातली दोन सेंटिमीटरची फट

रायगड जिल्ह्यात धरमतर खाडीच्या काठाने अलिबाग आणि पेण तालुक्यांत जी सपाट भातशेती पसरली आहे, तिचा बराचसा भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे. या टापूला खारेपाट म्हणतात. शहापूर, धेरंड अशा गावांचं शिवार आणि खाडी यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. तो टिकला तर भात पिकतं. फुटला, तर दोन-तीन वर्षं शेत हातचं जातं.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती येते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. बांधाची उंची ठरवायची ती वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणावरून, आणि त्यावर लाटांसाठी आणखी निदान अर्धा मीटर. खाडीतला ताजा चिखल वाळताना बराच बसतो, त्यामुळे भर घालताना सुरुवातीलाच उंची जास्त ठेवावी लागते. भर १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर चोपायचा. एकदम ढीग ओतला की आत पोकळ्या राहतात आणि पहिल्याच उधाणात पाणी त्या शोधून काढतं. खाडीकडचा उतार सपाट हवा, म्हणजे एक मीटर उंचीला साधारण दोन मीटर पाया. आतला थोडा उभा असला तरी चालतो.

बांध वरून पाणी जाऊन फुटतो, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सुरुवात बहुतेकदा खेकड्याच्या किंवा घुशीच्या बिळापासून होते. बिळातून झिरपणारं पाणी गढूळ दिसलं, की माती वाहू लागली असं समजावं. स्वच्छ पाझर एक वेळ थांबू शकतो, गढूळ पाझर नाही. असं बीळ आतल्या बाजूने बुजवून काही साधत नाही, कारण दाब खाडीकडून असतो. ओहोटीला खाडीच्या बाजूने ते तळापर्यंत उकरायचं आणि त्याच चिकट मातीने ठासून भरायचं. बांधाच्या अंगावर झाडही वाढू देऊ नये. ते मेलं की कुजलेल्या मुळांच्या जागी आयत्या नळ्या तयार होतात.

बांधाचा खरा नाजूक भाग म्हणजे उघाडी. पावसाचं पाणी शिवारातून खाडीत सोडण्यासाठी बांधात ठेवलेलं हे दार. त्याची झडप खाडीच्या बाजूला, वरच्या कडेवर बिजागरीने टांगलेली असते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणी तिला चौकटीवर दाबून बंद करतं. एक मीटर लांब-रुंद झडप दोन्हीकडून पाण्यात असेल आणि खाडीची पातळी आतल्यापेक्षा मीटरभर वर असेल, तर तिच्यावर सुमारे एक टनाचा दाब येतो. वीज नाही, माणूस नाही, दिवसातून दोनदा दार आपोआप लागतं. इतकी साधी आणि इतकी हुशार यंत्रणा कोकणात दुसरी क्वचितच असेल.

ती बिघडते मात्र क्षुल्लक कारणांनी. चौकटीत ओंडका अडकतो, हल्ली प्लास्टिक अडकतं. लोखंडी बिजागरी गंजते. लाकडी फळ्या शिपकिडा (खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा जीव) आतून पोखरतो. कधी मासे धरायला कुणी झडप टेकू देऊन उघडी ठेवतं आणि टेकू काढायचा राहतो. मीटरभर रुंद झडपेखाली दोन सेंटिमीटरची फट राहिली आणि पातळीतला फरक अर्ध्या मीटरचा असला, तर सेकंदाला सुमारे ३७ लिटर पाणी आत येतं. तीन तासांत ४०० घनमीटर, म्हणजे एक हेक्टरवर चार सेंटिमीटर पाणी. उन्हाळ्यात खाडीच्या पाण्यात लिटरला ३० ग्रॅम क्षार धरले, तर एका भरतीला १२ टन मीठ. पुढची भरती आहेच.

भाताला हे मीठ का बाधतं? मुळांभोवतीचं पाणी खारट झालं की रोपाला ते ओढून घेणं जड जातं, शिवाय सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा घेतो. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, क्षारता मीटरला ३ डेसीसीमेन्सच्या (विद्युतवाहकतेवरून क्षार मोजण्याचं एकक) वर गेली की प्रत्येक वाढीव एककामागे उत्पादन साधारण १२ टक्क्यांनी घटतं. मोड येताना भात बराच खार सोसतो. कोवळं रोप आणि फुलोरा या दोन वेळा नाजूक. म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खार सोसणारे वाण काढले, पनवेल-१, २ आणि ३. पण भरतीचं पाणी रोज आत येत असेल तर कुठलाही वाण पुरा पडत नाही.

पूर्वी बांधाची देखभाल जोळ पद्धतीने होई: गावातल्या घरांनी मिळून माणसं काढायची आणि बांध धरायचा. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्यानंतर आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने हे काम सरकारी खात्याकडे येत गेलं. योजनेत घेतलेले बांध खात्याचे, उरलेले खाजगी. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते तेव्हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, की हा बांध कोणाचा? तलाठी पंचनामा करतो, ग्रामपंचायत ठराव करते, पण माती ओढायला यंत्र येईपर्यंत दोन उधाणं होऊन जातात. खांड बांधण्याची वेळ भांगेची. दोन्ही टोकांकडून काम आणत शेवटचं तोंड एकाच ओहोटीत बुजवावं लागतं. अर्धवट राहिलं तर अरुंद तोंडातून पाणी अधिक वेगाने धावतं आणि खांड आधीपेक्षा रुंद होते.

उशीर फार झाला तर आणखी एक पेच उभा राहतो. भरतीचं पाणी फिरणाऱ्या शेतात काही वर्षांत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, रुजतात. सातबारावर भातशेती, जमिनीवर कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ते सार्वजनिक हिताच्या कामाशिवाय तोडता येत नाही, आणि त्याभोवती ५० मीटरचा पट्टाही राखावा लागतो. कांदळवन शत्रू नाही. बांधाबाहेर असेल तर लाटांचा मारा तेच सोसतं. भांडण आहे ते दुरुस्तीच्या दिरंगाईशी.

खांड बुजल्यावर जमीन गोडी करण्याचं काम पावसाचं. शेतात पाणी कोंडायचं, क्षार विरघळू द्यायचे आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे, असं जून-जुलैत पुन्हा पुन्हा करायचं. पाणी मुरलं तर ३० सेंटिमीटर मातीतून तितकंच गोडं पाणी गेल्यावर बहुतांश क्षार निघतात. मुरत नसेल, तर सोडियमने चिकणमाती फुगून छिद्रं बुजलेली असतात. जिप्सम कामाचं ते अशाच जमिनीत. सरसकट पोती आणून टाकण्याआधी माती तपासावी. नमुना मे महिन्यात, क्षार वर आलेले असताना घ्यावा. वरच्या १५ सेंटिमीटरचा एक आणि त्याखालच्या १५ सेंटिमीटरचा दुसरा, असे दोन नमुने वेगळ्या पिशव्यांत भरून द्यावेत.