पूर्णेचे खोरे खचले, पण ताणले का? ज्वालामुखी रांगेमागच्या पातळ कवचाची पार्श्वभूमी

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना कडेला लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात. वर चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, खाली पूर्णेचा सपाट प्रदेश तीनशेच्या आसपास. गाविलगडची ही रांग दक्षिणेला प्रस्तरभंगावर, म्हणजे खडक सरकलेल्या भेगेवर, कापल्यासारखी तुटते. खाली खचलेल्या भागात नदीने शेकडो मीटर गाळ भरला आहे आणि त्याच गाळात खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा भाग, आहे. लाव्ह्याचा डोंगर, पायथ्याशी खचलेली जमीन, त्यावर गाळ. ज्वालामुखी रांगेमागे पृथ्वीचे कवच ताणून पातळ होते तेव्हाची आकृती अगदी अशीच काढतात, त्यामुळे दोन्ही एकच समजण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. का, हे कळण्यासाठी त्या आकृतीचा इतिहास पाहावा लागतो.

प्रशांत महासागरातल्या जपान, मारियाना, टोंगा अशा बेटांच्या रांगांसमोर समुद्रतळाला खोल गर्ता असते. तिथे महासागरी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा सरकता तुकडा, दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. शंभरेक किलोमीटर खोलीवर त्यातले पाणी बाहेर पडते, वरचे प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा थर, वितळते आणि ज्वालामुखींची कमानदार रांग उभी राहते. दोन भूपट्ट एकमेकांवर चालून येतात, तिथे दाब हवा. मग रांगेच्या पाठीमागे ताण कुठून येतो?

शंका जुनी आहे. पूर्व आशियाच्या किनाऱ्यावरची बेटे खंड पश्चिमेकडे सरकताना मागे सुटली असावीत, असे आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडले होते. जपानमध्ये तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाने जपानचा समुद्र बेटे खंडापासून दूर सरकल्याने उघडला, असा विचार १९२० आणि ३० च्या दशकांत मांडला. पुरावा तोकडा होता, म्हणून कल्पना मागे पडली.

निर्णायक काम भूशास्त्रज्ञ डॅन कॅरिग यांचे. १९७० आणि ७१ मध्ये त्यांनी टोंगाच्या पश्चिमेच्या लाऊ खोऱ्याची आणि पश्चिम प्रशांतातल्या अशाच खोऱ्यांची तपासणी मांडली. तळ जुना असता तर त्यावर गाळाचा जाड थर साचलेला दिसला असता. तो फार पातळ होता. तळातून बाहेर पडणारी उष्णता जास्त होती, खडक ताजा बेसाल्ट होता. खोऱ्याच्या एका बाजूला टोंगाचा कणा आणि दुसऱ्या बाजूला लाऊचा मृत कणा, हे एकाच रांगेचे दोन तुकडे होते. रांग उभी चिरली गेली आणि मधल्या फटीत नवा समुद्रतळ तयार झाला.

चिरण्याआधी काय होते, ते उपड्या मडक्यावर भाजायच्या लांब रोटीवरून समजते. सैल कणीक हातांवर झुलवत ताणली की ती सगळीकडे सारखी पातळ होत नाही. जिथे आधीच मऊ असते तिथे पटकन बारीक होते आणि मडक्यावर पडताच तिथेच आधी भाजते. ज्वालामुखी रांगेखालचे कवच गरम, म्हणून मऊ. ताण आला की पहिली चीर बहुधा रांगेतच किंवा तिच्या लगत पडते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. कवचाचा वरचा दहा-पंधरा किलोमीटरचा भाग कणकेसारखा वागत नाही. तो ज्वारीच्या भाकरीच्या पिठासारखा तडकतो आणि त्याचे ठोकळे तिरक्या प्रस्तरभंगांवरून घसरून खाली बसतात. ताणला जातो तो खालचा भाग.

किती खचेल याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. ३५ किलोमीटर जाडीचे कवच दुप्पट ताणले तर १७.५ किलोमीटर उरते. गेलेल्या कवचाची जागा खालून प्रावरण घेते. कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ धरली, तर तोल सांभाळण्यासाठी पृष्ठभाग १७.५ गुणिले ०.५ भागिले ३.३, म्हणजे सुमारे २.६५ किलोमीटर खाली जायला हवा. प्रत्यक्षात सुरुवातीला तो बराच कमी खचतो, कारण वर आलेले प्रावरण तापलेले, फुगलेले आणि म्हणून हलके असते. ते थंड होताना कोट्यवधी वर्षे जमीन हळूहळू बसत राहते. हे दोन टप्पे डॅन मॅकेन्झी यांनी १९७८ मध्ये गणितात बसवले. नुसती खोली पाहून ताण मोजणारे इथेच चुकतात. टप्पा कोणता, हे माहीत नसेल तर उत्तर दुपटीनेही चुकू शकते.

ताण येतो कुठून, याचे उत्तर सेइया उयेदा आणि हिरू कानामोरी यांनी १९७९ मध्ये दोन टोके समोर ठेवून दिले. मारियानापाशी आत जाणारा तळ पंधरा कोटी वर्षांहून जुना आहे. थंड आणि जड असल्याने तो जवळजवळ उभा बुडतो. चिलीपाशी तो बराच तरुण आणि तरता असल्याने उतरता, कमी कोनात शिरतो आणि वरच्या भूपट्टाला घट्ट दाबून धरतो. म्हणून अँडीजच्या मागे आज मुख्यतः दाब आहे, घड्या आहेत. जड तळ नुसता पुढे शिरत नाही, स्वतःच्या वजनाने मागेही लोंबतो आणि गर्ता समुद्राकडे सरकते. वरच्या भूपट्टाची कड गर्तेला धरून राहते, पाठचा भाग मात्र तितका पुढे येत नाही. मधली जमीन ताणली जाते. ज्वालामुखी रांग आहे म्हणून मागे ताण असेलच, असे नाही.

जपानचा प्रश्न खडकांच्या चुंबकत्वाने सुटत गेला. लाव्हा थंड होताना तेव्हाच्या चुंबकीय उत्तरेची दिशा जपून ठेवतो. बोटाएवढा गाभा छिद्र पाडून काढतात, पण मोडून घेण्याआधी त्याची दिशा खडकावरच नोंदवावी लागते, तीही सूर्याच्या सावलीवरून. बेसाल्टजवळ होकायंत्राची सुई फसते. वीज पडलेल्या माथ्यावरचा नमुना निकामी असतो आणि थर कलले असतील तर तो कल आधी वजा करावा लागतो. १९८० च्या दशकात अशा मोजणीतून नैऋत्य जपान सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी घड्याळाच्या दिशेने ४५ अंशांच्या आसपास वळल्याचे दिसले. ईशान्य जपान उलट दिशेने वळला होता. दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसा हा समुद्र उघडला. पुढे १९८९ मध्ये तळात छिद्रे घेऊन तिथले खडकही तपासले गेले. उपग्रहांच्या मोजणीने तर वेगच हातात आला. लाऊ खोऱ्याचे उत्तर टोक वर्षाला १६ सेंटीमीटरच्या आसपास उघडते, जगातल्या सर्वांत वेगवान ठिकाणांपैकी ते एक.

अशा जमिनीवर शेती असली की काय होते, ते न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर दिसते. तिथल्या टाउपो पट्ट्यात ताण वर्षाला काही मिलिमीटरच आहे. २ मार्च १९८७ रोजी एजकम्बजवळ ६.५ परिमाणाचा भूकंप झाला, कुरणातून लांबच लांब भेग उघडली आणि मैदानाचा काही भाग दोन मीटरपर्यंत खाली बसला. उतारावर चालणारी निचऱ्याची व्यवस्था अशा वेळी बिघडते, कारण चराचा तळच बदललेला असतो. काळ्या मातीत पाणी तुंबले की पऱ्हाटीचे काय होते, हे माहीत असणाऱ्याला यातली अडचण समजवावी लागत नाही.

भारतात हे पाहायचे तर अंदमानला. बॅरन आणि नारकोंडम ही ज्वालामुखी रांगेची बेटे, त्यांच्या पूर्वेला अंदमान समुद्राचा सुमारे ४० लाख वर्षांपासून उघडत असलेला तळ. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपात गर्तेकडची बाजू सरकली आणि जानेवारी २००५ च्या अखेरीस निकोबारच्या पूर्वेला काही दिवसांत चारहून अधिक परिमाणाचे शेकडो धक्के बसले. तिथे भूपट्ट तिरके सरकत असल्याने निव्वळ ताणासोबत आडवी घसरणही आहे.

आता पूर्णेच्या खोऱ्याकडे. गाविलगडचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, दख्खनच्या पठारावर पसरलेल्या उद्रेकांचा. त्या उद्रेकांमागे गर्ता नव्हती, बुडणारा तळ नव्हता. कवचाची जाडीही मोजली गेली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने मध्य प्रदेशातल्या खजुरियाकलांपासून वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावपर्यंत स्फोटांच्या लहरींनी कवचाचा छेद घेतला. ते ४० किलोमीटरच्या आसपास भरले. ताणून निम्मे झालेले कवच असे दिसत नाही. याच रांगेच्या पायथ्याच्या सालबर्डीतल्या झऱ्यांचे गरम पाणी पुरावा म्हणून पुढे केले जाते, तेही टिकत नाही. किलोमीटरमागे तापमान २५ अंशांनी वाढते असे धरले तर प्रस्तरभंगातून एक किलोमीटर खाली मुरलेले पाणी वरच्या पंचवीसेक अंशांवरून पन्नास अंशांपर्यंत तापते. त्याला पातळ कवच लागत नाही. पूर्णेचे खोरे जुन्या प्रस्तरभंगावर खचलेले आहे, इतकेच म्हणावे.

विदर्भात जमीन खरोखर ताणली गेली ती वर्धा खोऱ्यात. वणी, चंद्रपूर, बल्लारपूरचा कोळसा गोंडवन काळातल्या खचदरीत साचला. पण ती खंडाच्या आतली खचदरी, ज्वालामुखी रांगेमागची नव्हे.

खुला प्रश्न आहे तो पूर्वेला, गोंदियाच्या सीमेपासून छत्तीसगडातल्या डोंगरगडकडे जाणाऱ्या पट्ट्यात. तिथले बिजली रायोलाइट (हाही लाव्ह्याचाच खडक) आणि सोबतचे बेसाल्ट अब्जावधी वर्षांपूर्वीचे. काही अभ्यासक त्यांना खंडांतर्गत खचदरीचे मानतात, काही चाप, म्हणजे ज्वालामुखींची कमानदार रांग, आणि तिच्यामागच्या खोऱ्याचे. गर्ता उरलेली नाही, त्यामुळे भिस्त रसायनावर. चापेजवळच्या लाव्ह्यात नायोबियम आणि टँटलम ही मूलद्रव्ये कमी असतात. घोटाळा असा की वर येताना लाव्ह्याने जुने ग्रॅनाइटी कवच विरघळवून घेतले तरी हीच खूण उमटते. म्हणून एका नमुन्यावर निर्णय देता येत नाही. सर्वांत कमी दूषित बेसाल्ट शोधावा लागतो, समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, कवचाची भेसळ किती ते ठरवावे लागते आणि मगच गर्तेचे नाव घेता येते.