क्रीट बेटावरील प्राचीन अवशेष : सहकुटुंब सहलीसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

ग्रीसमधील क्रीट बेटावर मुलाबाळांसह जाणाऱ्या ग्राहकांना आमचे पहिले सांगणे असते, की स्थळे मोजकी निवडावीत आणि ती सावकाश पाहावीत. म्हणूनच आमच्या कार्यक्रमात प्राचीन राजवाडे दोनच ठेवले आहेत, एक क्नोसोसचा आणि दुसरा फेस्टोसचा. या दोन्ही ठिकाणांचा समावेश असलेल्या मिनोअन, म्हणजे क्रीटवरील कांस्ययुगीन संस्कृतीच्या, राजवाड्यांच्या समूहाला २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आहे.

हेराक्लिओन शहरापासून सुमारे पाच किलोमीटरवर असलेला क्नोसोसचा राजवाडा प्रथम इ.स.पू. १९०० च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे हडप्पा संस्कृतीची नगरे ओसरू लागली होती त्या काळात, उभा राहिला. तेथे १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक व्यापाऱ्याने पहिले खोदकाम केले आणि १९०० पासून आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने मोठे उत्खनन हाती घेतले. इव्हान्स यांनी राजवाड्याचे काही भाग सलोह काँक्रीट वापरून पुन्हा उभारले असल्यामुळे खाली निमुळते होत जाणारे लाल खांब, जिने आणि मजले आज डोळ्यांना दिसतात. मात्र त्यांतील बराचसा भाग विसाव्या शतकातला आहे, हे मुलांना तेथेच सांगावे. या पुनर्बांधणीवर अभ्यासकांनी टीका केली आहे आणि ती आम्हाला रास्त वाटते, तरीही लहान मुलांना राजवाड्याची कल्पना येण्यासाठी तिचा उपयोग होतो. या राजवाड्याशी जोडली जाणारी, मिनोटॉर या वृषभमुखी राक्षसाची आणि त्याच्या चक्रव्यूहाची कथा मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी. सिंहासनाची खोली, धान्य व तेल साठवण्याचे पुरुषभर उंचीचे रांजण, आतल्या खोल्यांत उजेड आणणारे चौक आणि सांडपाण्याच्या मातीच्या नळांची व्यवस्था या गोष्टी मात्र घाईने पाहू नयेत.

क्नोसोस येथील भिंतींवरची चित्रे प्रतिकृती आहेत. बैलावरून उडी घेणाऱ्या खेळाडूचे प्रसिद्ध चित्र हेराक्लिओनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, त्यामुळे राजवाडा सकाळी आणि संग्रहालय त्याच दिवशी दुपारी, असा क्रम आम्ही ठरवला आहे. फेस्टोस येथे १९०८ मध्ये सापडलेली, दोन्ही बाजूंना सर्पिलाकार ओळीत चिन्हे उमटवलेली मातीची तबकडीही याच संग्रहालयात पाहायला मिळते. सिंधू लिपीप्रमाणे तिचाही उलगडा अद्याप सर्वमान्य झालेला नाही, हे ऐकल्यावर शाळकरी मुले त्या तबकडीसमोर बराच वेळ रेंगाळतात.

फेस्टोस बेटाच्या दक्षिणेस, मेसारा मैदानाकडे पाहणाऱ्या टेकडीवर आहे. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी येथे क्नोसोससारखी पुनर्बांधणी केली नाही; मोकळे अंगण, रुंद दगडी जिना आणि भिंतींचे पाये एवढ्यावरूनच वास्तू मनात उभी करावी लागते. म्हणून आम्ही हे स्थळ नंतर ठेवतो. क्नोसोस पाहिलेली मुले येथे स्वतःच अंगण कोणते आणि कोठारे कोठे, हे ओळखू लागतात. वाटेतील गॉर्टिन येथे दगडी भिंतीवर कोरलेली इ.स.पू. पाचव्या शतकातील कायद्यांची संहिता असून तिची एक ओळ डावीकडून उजवीकडे, तर पुढची उजवीकडून डावीकडे वाचावी लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार कडक असते आणि अवशेषांत सावली कमी मिळते. म्हणून मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी ऑक्टोबरमध्ये येत असेल तर ती सुट्टी अधिक सोयीची ठरते. जमीन उंचसखल असल्याने बाबागाडीऐवजी बाळाला अंगाशी बांधून घेण्याची पिशवी आणावी. शाकाहारी मंडळींसाठी डाकोस, म्हणजे बार्लीच्या कडक पावावर टोमॅटो, चीज व ऑलिव्ह तेल घातलेला पदार्थ, बहुतेक खानावळींत मिळतो. शेंगेन व्हिसासाठी लागणारा वेळ लक्षात घेऊन निदान तीन महिने आधी आमच्याकडे नोंदणी करावी आणि त्या वेळी मुलांची वये तसेच ज्येष्ठांच्या गुडघेदुखीसारख्या अडचणी अवश्य कळवाव्यात.