मातीच्या पोटातली घरं

ज्या घराच्या भिंती, छप्पर किंवा दोन्हीही मातीने झाकलेली असतात, किंवा जे घर जमिनीतच खोदून केलेलं असतं, त्याला भूआच्छादित घर म्हणतात. ढोबळमानाने तीन प्रकार: सपाट जमिनीत खड्डा घेऊन वर छप्पर घातलेलं, टेकडीच्या उतारात आडवं कोरलेलं, आणि जमिनीवरच बांधून चहूबाजूंनी माती किंवा गवताची ढेकळं रचलेलं. नवाश्मयुगापासून ही घरं जगभर सापडतात. लोक याला "गुहेतलं जगणं" म्हणून मागासलेपणाच्या खात्यात टाकतात, ते चूक आहे, कारण यातली बरीचशी घरं चांगली विचार करून बांधलेली आहेत.

माती उष्णता अडवते म्हणून ही घरं गार राहतात असा समज आहे, पण माती तशी फार चांगली उष्णतारोधक नाही, ओली असेल तर अजिबातच नाही. तिचा खरा गुण म्हणजे ती भरपूर उष्णता साठवते आणि सावकाश सोडते. दिवस-रात्रीचा चढउतार दोन-तीन फुटांत जवळपास संपतो, अजून खाली गेलं की ऋतूंचा फरकही कमी होत जातो आणि तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ टिकून राहतं. शिवाय काही मीटर खोलीवर उन्हाळ्याची ऊब पोचायला महिने लागतात, म्हणजे वर थंडी पडायला लागते तेव्हा खाली अजून उन्हाळ्याचा शेक शिल्लक असतो. म्हणूनच जिथे उन्हाळा-हिवाळा दोन्ही कडक आणि लाकूड कमी, तिथे ही पद्धत जास्त रुजली.

सगळ्यात बघण्यासारखं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरचं स्कारा ब्रे. साधारण इ.स.पू. 3180 ते 2500 या काळातली ही वस्ती वाळूखाली गडप होती, 1850 च्या वादळाने वरची वाळू उडाली आणि घरं उघडी पडली. तिथल्या लोकांनी आधीच्या वस्तीचा उकिरडा, म्हणजे राख, शिंपले, हाडं आणि कुजलेल्या कचऱ्याचा घट्ट झालेला ढीग, तोच घरांभोवती भरला आणि दगडी भिंतींना त्याचा आधार दिला, त्यामुळे भिंतही भक्कम झाली आणि वाराही अडला. आठेक घरं, त्यांना जोडणाऱ्या बुटक्या झाकलेल्या वाटा, प्रत्येक घरात मधोमध चूल, दोन्ही बाजूंना दगडी पलंग, दारासमोर दगडाचं फडताळ, आणि सांडपाण्याला गटारसुद्धा! लाकूड दुर्मिळ असल्यामुळे फर्निचरही दगडाचं झालं आणि म्हणूनच आज पाच हजार वर्षांनी ते जागच्या जागी दिसतं. छपरं मात्र उरली नाहीत.

काश्मीरमधल्या बुर्झहोमला वेगळाच प्रश्न आहे. तिथल्या नवाश्मयुगीन खड्ड्यांची तोंडं अरुंद आणि तळ रुंद, आतून मातीचा लेप, कडेला खांबांची भोकं, आणि सर्वात मोठा खड्डा जवळजवळ 4 मीटर खोल. उत्खननानंतर ही राहती घरं म्हणून पुस्तकांत गेली, पण काही अभ्यासकांना ती धान्याची पेवं वाटतात. तिथे राख आणि कोळसा मिळालाय, तरी तेवढ्यावर वाद मिटत नाही. म्हणून दिसला खड्डा की म्हणा घर, असं करू नये.

चीनच्या लोएस पठारावरची याओदोंग घरं तर अजून वापरात आहेत. लोएस म्हणजे वाऱ्याने आणून साठवलेली बारीक पिवळट माती, कोरडी असताना ती उभी कापली तरी ढासळत नाही, म्हणून कमानदार खोल्या सहज कोरता येतात. तोंड शक्यतो दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यात ऊन आत येतं, आणि चुलीचा धूर झोपायच्या ओट्याखालून फिरवून मग बाहेर काढतात, एकाच जाळात स्वयंपाकही आणि ऊबही. हनान प्रांतात तर सपाट जमिनीत चौकोनी चौक खोल खणून त्याच्या चारही बाजूंना खोल्या कोरतात, वरच्या काठाला कठडा आणि चौकात पाणी मुरायला शोषखड्डा. पण हीच माती हादरली की दगा देते: 1556 च्या शान्शी भूकंपात सुमारे 8 लाख 30 हजार माणसं गेल्याची नोंद आहे, आणि त्यातली कितीतरी अशाच घरांत गाडली गेली. या घरांचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

इटलीतल्या मातेराचे सास्सी म्हणजे मऊ चुनखडकात कोरलेली वस्ती. लोकसंख्या वाढत गेली तशी पाण्याची टाकी आणि गोठेसुद्धा राहण्यासाठी वापरात आले, माणसं-जनावरं एकाच खोलीत, मलेरिया, बालमृत्यू, आणि अखेर 1952 च्या कायद्याने साधारण 15 हजार लोकांना नव्या वसाहतींत हलवलं. दोष गुहांपेक्षा गर्दीचा आणि गरिबीचा जास्त होता असं माझं मत आहे, 1993 मध्ये हीच जागा जागतिक वारसा झाली आणि आज लोक तिथे पुन्हा राहतात.

आइसलंडमध्ये गवताच्या ढेकळांची घरं विसाव्या शतकापर्यंत होती.

या सगळ्यांचा खरा शत्रू पाणी. वरून झिरप, खालून ओल, आणि हवा खेळती नसेल तर बुरशी, काही खडकांत रेडॉन वायूही साठतो. राहतं घर असेल तर चूल भिंती कोरड्या ठेवते आणि माणसं दरवर्षी भेगा बुजवतात, वरची माती चोपतात, गटार मोकळं करतात. कुलूप लागलं की हे थांबतं, त्यामुळे नुसतं कुंपण घालून आणि पाटी लावून अशी घरं जपली जात नाहीत, त्यांना दरवर्षी हात लागावाच लागतो. स्कारा ब्रेला तर समुद्राचीच भीती, 1924 च्या वादळात एका घराचा भाग वाहून गेला, मग किनाऱ्याला संरक्षक भिंत घातली, आणि आता समुद्र वाढतोय तशी किनाऱ्याची धूप हीच तिथली मोठी काळजी आहे.