स्लीव्ह शस्त्रक्रिया (नलिकाकृती जठरछेदन)

अतिस्थूलतेवरील एक शस्त्रक्रिया. जठराचा बाहेरच्या, मोठ्या वक्रतेकडील सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि आतल्या वक्रतेलगत केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्याची जोडणी बदलत नाही आणि जठराच्या शेवटची झडप (जठरनिर्गम) शाबूत राहते. या दोन बाबतींत ती बायपासहून (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेहून) वेगळी आहे. ‘स्लीव्ह’ म्हणजे बाही, मात्र मराठी बोलण्यात बाही कोणी म्हणत नाही. ‘वजनाचं ऑपरेशन’ किंवा ‘पोट छोटं करायचं ऑपरेशन’ हेच शब्द चालतात. त्यामुळे लायपोसक्शन (त्वचेखालची चरबी शोषून काढणे), जठरात ठेवायचा फुगा आणि दुर्बिणीतून जठराला आतून घातलेले टाके यांच्याशी तिची सर्रास गल्लत होते. ‘चरबी काढली’ असे नातेवाईक सांगतात. प्रत्यक्षात चरबी काढली जात नाही.

उगम : या शस्त्रक्रियेचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. ती स्वतंत्र उपचार म्हणून योजलीच गेली नव्हती, हे त्याचे मुख्य कारण. इटलीतील जेनोआ येथे निकोला स्कोपिनारो यांनी १९७० च्या दशकात जठराचा खालचा भाग काढून पित्त व स्वादुपिंडाचा रस आतड्यात बऱ्याच खाली वळवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तिच्यात जठरनिर्गम जात असे. परिणामी जोडाशी व्रण होत आणि अन्न वेगाने आतड्यात उतरून घाम, धडधड असे त्रास होत. यावर उपाय म्हणून अमेरिकेत डग्लस हेस यांनी १९८८ च्या सुमारास आणि कॅनडातील क्वेबेक येथे पिकार मार्सो यांनी आडव्याऐवजी उभा छेद घेऊन निर्गमद्वार राखले. ‘ड्युओडेनल स्विच’ नावाच्या या मोठ्या शस्त्रक्रियेचा जठराकडील भाग म्हणजेच आजची स्लीव्ह.

दुसरा धागा इंग्लंडमधील लीड्सचा. तेथे डेव्हिड जॉन्स्टन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मागेनश्ट्रासे आणि मिल’ ही शस्त्रक्रिया सुरू केली. मागेनश्ट्रासे म्हणजे अन्न ज्या वाटेने उतरते तो आतल्या वक्रतेलगतचा ‘जठराचा रस्ता’, आणि मिल म्हणजे अन्न भरडणारा शेवटचा भाग, मराठीत सांगायचे तर जठराचे जाते. रस्ता आणि जाते ठेवून उरलेला भाग स्टेपलरने वेगळा केला जाई, पण कापून बाहेर काढला जात नसे. हीच खरी पूर्वज, असे काही लेखक मानतात. काहीजण त्याही मागे जाऊन १९७६ मध्ये लॉरेन्स ट्रेटबार व सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या जठराला चुण्या घालण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवतात. आकाराचे साम्य दोन्हींत आहे. परंतु आजची शस्त्रक्रिया ज्या मार्गाने प्रचारात आली तो पाहता ड्युओडेनल स्विचची परंपरा अधिक ग्राह्य वाटते.

हा मार्ग असा : मिशेल गान्ये व न्यूयॉर्कमधील त्यांचे सहकारी १९९९ पासून ड्युओडेनल स्विच दुर्बिणीतून करू लागले. अतिशय वजनदार रुग्णांत एकाच वेळी संपूर्ण शस्त्रक्रिया धोक्याची ठरू लागली, तेव्हा त्यांनी तिचे दोन टप्पे केले. आधी जठराची नळी, आणि काही महिन्यांनी वजन उतरल्यावर आतड्याचे काम. पहिल्या टप्प्यानंतर काही रुग्णांचे वजन इतके घटले की दुसऱ्याची निकड उरली नाही. २००३ च्या सुमारास याविषयीचे लेखन प्रसिद्ध झाले आणि २०१० नंतरच्या दशकात स्लीव्ह ही जगात सर्वाधिक केली जाणारी स्थूलता-शस्त्रक्रिया झाली. पूर्वतयारीच मुख्य कार्य होऊन बसल्याची अशी उदाहरणे शल्यशास्त्रात फार नाहीत.

तंत्र : संपूर्ण भूल देऊन पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडतात. जठराच्या मोठ्या वक्रतेला चिकटलेला वपेचा (पोटातील चरबीचा) पडदा आणि प्लीहेकडून येणाऱ्या आखूड रक्तवाहिन्या सोडवतात. मग भूलतज्ज्ञ तोंडावाटे ‘बूजी’ नावाची लवचीक नळी जठरात सरकवतो. ही नळी म्हणजे शिंप्याचे माप. तिची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात : ३६ फ्रेंच क्रमांकाच्या बूजीचा व्यास १२ मिलिमीटर असतो. निर्गमद्वारापासून २ ते ६ सेंटिमीटर अंतरावर सुरुवात करून, बूजीच्या कडेकडेने स्टेपलर वर अन्ननलिकेच्या कोनापर्यंत चालवत नेतात. तो प्रत्येक दाबाला दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या सूक्ष्म पिनांच्या रांगा ठोकतो आणि मधोमध कापतो. वेगळा झालेला भाग रिकाम्या पखालीसारखा दिसतो आणि एका छिद्रातून ओढून बाहेर काढला जातो. गुंतागुंत नसल्यास सारे काम एक ते दीड तासात आटोपते. बूजी किती जाड असावी, यावर बराच वाद झाला. अरुंद नळीने वजन थोडे अधिक उतरते, पण गळतीचा धोका वाढतो. बहुतेक शल्यचिकित्सक ३२ ते ४० फ्रेंचच्या दरम्यान राहतात.

कार्यपद्धती : जठर लहान झाले, म्हणून माणूस कमी खातो, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांनी शोधले. ते मुख्यतः जठराच्या घुमटात (वरच्या फुगीर भागात) तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका घुमटच जातो. काही काळ सारे श्रेय घ्रेलिनकडे गेले. पुढे, घ्रेलिन मुळातच नसलेल्या उंदरांचे वजनही या शस्त्रक्रियेने घटते, असे प्रयोगांत दिसले. पित्ताम्लांना प्रतिसाद देणारा एफएक्सआर हा ग्राहक (पेशीतील संकेत टिपणारे प्रथिन) नसलेल्या उंदरांत मात्र परिणाम टिकत नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अन्न लवकर आतड्यात उतरल्याने जीएलपी-१ सारखी तृप्तिसूचक संप्रेरकेही वाढतात. म्हणून तिला केवळ ‘अडथळ्याची’ शस्त्रक्रिया म्हणण्याची जुनी वर्गवारी आता सोडून द्यावी, हे मत सयुक्तिक आहे.

परिणाम व उपद्रव : स्लीव्ह व बायपास यांची तुलना करणाऱ्या फिनलंडमधील स्लीव्हपास चाचणीत पाच वर्षांनी जादा वजनापैकी सरासरी ४९ टक्के वजन स्लीव्हने, तर ५७ टक्के बायपासने घटलेले होते. मधुमेह व रक्तदाब अनेकांत आटोक्यात येतात. सर्वांत भीतीचा उपद्रव म्हणजे पिनांच्या रांगेतून होणारी गळती. ती साधारण शंभरात एक-दोघांना होते, बहुधा अगदी वरच्या टोकाशी. खालची झडप बंद, नळी अरुंद, त्यामुळे आतला दाब वाढतो. आम्लपित्त उसळण्याचा त्रासही याच दाबातून येतो आणि तीच या शस्त्रक्रियेची खरी दुखरी बाजू. वरील चाचणीत दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांत, तर बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांत आढळला. ज्यांना आधीपासून तीव्र आम्लपित्त आहे त्यांना बहुधा बायपास सुचवतात. झपाट्याने वजन उतरल्याने पित्ताशयात खडे होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. नळी कालांतराने सैलावते, वजन काही अंशी परत चढते. स्लीव्हचे पुढे बायपासमध्ये रूपांतर करता येते, काढलेले जठर मात्र परत मिळत नाही.

पात्रता : अमेरिकेतील १९९१ च्या निकषांनुसार देहभारांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप) ४०, किंवा मधुमेहादी विकार असल्यास ३५, ही मर्यादा होती. ती २०२२ मध्ये तेथेच खाली आणली गेली. भारतीयांत कमी वजनावरही चरबी, विशेषतः पोटातील, अधिक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर २००४ मध्ये छापलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघांचाही देहभारांक २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. यामुळे भारतीय शल्यचिकित्सक ३७.५ व ३२.५ या मर्यादा मानत आले. आरोग्यविम्याच्या नियमांत मात्र ४० व ३५ हेच आकडे आहेत. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ८५ किलो वजनाच्या मधुमेही व्यक्तीचा देहभारांक ३३.२ येतो. दवाखान्यात ती पात्र ठरते, विमा कंपनीच्या खिडकीवर ठरत नाही.

मुंबईत : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची येथील परंपरा जुनी आहे. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, ती देशातील पहिली अशी शस्त्रक्रिया मानतात. स्लीव्ह शस्त्रक्रिया येथे मुख्यतः खासगी रुग्णालयांत होतात. २०१७ मध्ये सुमारे ५०० किलो वजन सांगितल्या गेलेल्या एका इजिप्शियन महिलेवर चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली आणि ‘स्लीव्ह’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला.

आहार : सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ. नारळपाणी, गाळलेले सूप, मुगाचे पाणी, ताक. माप म्हणून औषधाच्या बाटलीवरचा ३० मिलिलिटरचा कप हाती देतात आणि तो घोट-घोट करत संपवायचा असतो. पुढे दाटसर, मग मऊ अन्न. जेवताना पाणी प्यायचे नाही, नंतरही अर्धा तास थांबायचे. जेवणाआधी तांब्या-भांडे मांडणाऱ्या घरांत हा नियम सर्वांत जड जातो. पानात आधी प्रथिने : शाकाहाऱ्यांना पनीर, मूग, सोया, इतरांना अंडी, मासे. भात शेवटी, जागा उरली तर. कोकणी माणसाच्या पानाचा क्रम त्यामुळे पार उलटा होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दीर्घकाळ, सहसा आयुष्यभर घ्यावे लागते. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने लांबवण्यास सांगतात.

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड व वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्याला एकदा टोचून घ्यायची औषधे भारतात उपलब्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी वजन उतरवण्यासाठी आणि नंतर परत चढलेल्या वजनासाठीही ती वापरली जातात.